दर हंगामात तोच खांदा, तेच कोपर, तोच टोंगळा (गुडघा): दुखणं परत का येतं आणि नेमकं कुठलं ते कसं ओळखायचं

सोयाबीनच्या सोंगणीत कोपर धरतं. दिवाळीनंतर सुई घेतली की थांबतं. कापूस वेचताना अंगठा दुखतो, संक्रांतीपर्यंत तसंच रेटून नेतात, उन्हाळ्यात विसरायला होतं. मृग लागला, डवरणी-फवारणी सुरू झाली की खांदा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच बाजूला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपी करते, आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे: "मॅडम, मांगच्या साली बरं झालं होतं ना, मंग परत काऊन आलं?"

कारण ते बरं झालेलं नव्हतं, फक्त दुखायचं थांबलेलं होतं.

टेंडन म्हणजे मांसाला हाडाशी बांधून ठेवणारा पांढरा, चिवट पट्टा. त्याला रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून त्याचं सगळंच काम संथ. मांस काही आठवड्यांत तयार होतं, टेंडनला त्याच कामासाठी तीनेक महिने लागतात. आराम केला की वेदना जाते, पण भार सोसायची ताकदही जाते. महिनाभर गोठ्यात बसून असलेल्या बैलाला आपण पहिल्याच दिवशी दिवस बुडेपर्यंत डवऱ्याला जुंपत नाही. स्वतःच्या खांद्याला मात्र जुंपतो.

पूर्वी डॉक्टरही याला सरसकट टेंडनची सूज म्हणायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जुनाट दुखण्यात सुजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत, धाग्यांची वीण मात्र विस्कटलेली दिसते. म्हणून हल्ली टेंडिनायटिसऐवजी टेंडिनोपॅथी लिहितात. सूज उतरवणाऱ्या गोळीनं चार दिवस बरं वाटतं, पण वीण काही सुधारत नाही.

बर्सा हे वेगळं प्रकरण. हाड आणि टेंडन किंवा हाड आणि कातडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून शरीरात दीडशेच्या आसपास चपट्या, पातळ पिशव्या असतात. आत नावापुरतं बुळबुळीत पाणी. एरवी त्या हाताला लागतही नाहीत. सतत दाब पडला, घासलं किंवा आत जंतू गेले की फुगतात.

आधी ठरवा, दुखतंय काय

एका बोटानं दाखवा. बोटाच्या टोकाएवढी जागा दाखवता आली, तर टेंडन किंवा बर्सा असण्याची शक्यता बरीच. आख्खा तळवा फिरवून "इथून तिथवर" म्हणावं लागलं, तर सांध्याकडे किंवा मान-कंबरेकडे पाहावं लागतं. मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, मान वळवली की हातात कळ उतरते, हा नसेचा मामला. तिथे कोपर चोळत बसण्यात अर्थ नाही. या बोटाच्या नियमाला खांदा तेवढा अपवाद. खांद्याचा टेंडन बिघडला तरी माणूस दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवतो.

मग वेळ विचारा. टेंडनची खोड ठरलेली असते. सकाळी आखडलेलं, कामाला लागलं की मोकळं होतं, आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट वसूल करतं. यामुळेच माणूस फसतो. "काम करताना तर दुखत नाही" म्हणून दोन तास जास्त करतो.

त्यानंतर जोर लावून पाहा. ज्या टेंडनवर संशय आहे त्याचं काम करायला लावायचं आणि दुसऱ्यानं हातानं अडवायचं. टेंडन असेल तर नेमक्या जागी दुखतं. बर्सा दाबल्यावर दुखतो, जोर लावल्यावर कमी. आणि सांधा बिघडलेला असेल तर स्वतः हलवा की दुसऱ्यानं हलवून द्या, दोन्ही वेळा दुखतो आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडतो. ही एवढी तपासणी चहा उकळेपर्यंत होते, आणि एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जाते. एक्स-रेत टेंडन दिसतच नाही. हाड, हाडाचा काटा आणि टेंडनमध्ये साचलेला चुना (कॅल्शियम) तेवढा दिसतो.

खांदा

खांद्याच्या गोळ्याला चार छोट्या मांसपेशींचे टेंडन वेढून असतात. वरचा टेंडन हाडाच्या छपराखालून जातो आणि दोघांच्या मध्ये बर्सा असतो. त्यामुळे खांद्यात टेंडन दुखतोय की बर्सा, हे वेगळं काढत बसण्यात फायदा नाही. दोघं बहुतेक जोडीनंच रुसतात आणि उपचारही एकच.

हात बाजूनं हळूहळू वर न्या. सुरुवातीला काही नाही, साधारण ६० अंशांवर चमक सुरू होते, १२० च्या पुढे कानाकडे गेला की पुन्हा मोकळा, असं असेल तर टेंडन-बर्सा. त्या कुशीवर झोपलं की जाग येते, ही दुसरी खूण.

पण त्याआधी गोठलेला खांदा नाही ना, हे पाहाच. कोपर कमरेला चिकटवा, ९० अंशांत वाकवा आणि दुसऱ्या कोणाला मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. चांगल्या बाजूपेक्षा बराच आधी अडला आणि ढकलूनही जात नसेल, तर तो फ्रोजन शोल्डर. त्याला वजनाचे व्यायाम आत्ता देणं म्हणजे दुखणं वाढवणं. अशा माणसाची साखर तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. मधुमेहात हा आजार कितीतरी जास्त दिसतो, आणि खांद्यामुळेच साखर पहिल्यांदा कळली असे लोक गावात कमी नाहीत.

आता पंप. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास वजन येतं. एक हात नळी फिरवतो आणि दुसरा सबंध दिवस दांडा खालीवर करत राहतो. पट्टे लांब सोडलेले असले की पंप कमरेवर लोंबतो, खांदे पुढे ओढले जातात आणि दांडा मारताना कोपर खांद्याच्या उंचीला जातं. तीच ती चमकेची जागा. पट्टे आवळून पंप पाठीला चिकटवा, कोपर छातीच्या वर जाऊ देऊ नका, आणि दांडा काढून दुसऱ्या बाजूला बसवता येत असेल तर दर काही टाक्यांनी बाजू बदला. चार्जिंगचा पंप घ्यायची ऐपत असेल तर खांद्यासाठी त्याच्याइतकं औषध नाही. एक मात्र वेगळं ठेवा: फवारणीनंतर हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, लाळ सुटणं हे खांद्याचं दुखणं नव्हे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. थेट दवाखाना.

साठीच्या पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "टिअर" लिहून आलं की घरात रडारड सुरू होते. त्या वयात काहीच न दुखणाऱ्या अनेकांच्या खांद्यातही असं फाटलेलं सापडतं. त्यावरून लगेच ऑपरेशन ठरत नाही. बैलगाडीवरून किंवा संत्र्याच्या झाडावरून पडल्यावर हात अचानक वर जाईनासा झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे "पाहू आठ-पंधरा दिवस" नको. हाडांच्या डॉक्टरला लवकर दाखवा, कारण फाटलेला टेंडन जसजसा आत ओढला जातो तसतसा शिवायला अवघड होतो.

कोपर आणि अंगठा

विळा घट्ट धरून एकराच्या ठेक्यानं सोंगणी केली की कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखायला लागतं. हात सरळ ठेवा, तळवा जमिनीकडे, मूठ वळा, मनगट वर उचला आणि दुसऱ्याला मुठीवर दाबायला सांगा. किंवा प्लास्टिकची खुर्ची पाठीला धरून, तळवा खाली ठेवून, सरळ हातानं उचला. बाहेरच्या उंचवट्यावर कळ आली की निदान झालं. आतल्या उंचवट्यावर दुखत असेल तर कुऱ्हाड चालवणारे, धारा काढणारे जास्त असतात.

याला टेनिस एल्बो म्हणतात, टेनिस कोणी पाहिलेलं नसलं तरी. बहुतेकांचं वर्षभरात आपोआप निवळतं. पण वर्षभर थांबायला मजुराजवळ वर्ष कुठे असतं? म्हणून सुई. त्याबद्दल एक पक्की गोष्ट सांगते. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातला १९८ रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाला स्टेरॉइडची सुई, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला नुसता सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी सुईवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्षाअखेरीला तेच मागे पडले, आणि त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचं दुखणं मध्ये उलटलं. "मांगच्या साली बरं झालं होतं"चं उत्तर इथं आहे. दोन-तीन वेळा सुई घेतलेल्या कोपरापेक्षा एकदाही न घेतलेलं कोपर मला सोपं जातं.

सुईला सरसकट शिव्या मात्र देऊ नका. कापूस वेचणाऱ्या बायकांचा अंगठा घ्या. मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन टेंडन एका अरुंद बोगद्यातून जातात. बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकायची एकच चिमूट दिवसातून हजारो वेळा होते आणि तो बोगदा जाड होतो. अंगठा मुठीत धरा आणि मूठ करंगळीकडे झुकवा. डोळ्यांतून पाणी आलं तर तेच. द क्वेर्व्हाँ नावाच्या स्विस सर्जननं १८९५ साली हे लिहून ठेवलं. बाळंतीणही याच कारणानं येते, बाळाला काखेत हात घालून उचलल्यानं. अंगठा-मनगट धरून ठेवणारा पट्टा काही आठवडे लावला तर बऱ्याच जणींचं भागतं. नाही भागलं तर या बोगद्यात जाणकार हातानं दिलेली एक सुई खरोखर चांगलं काम करते. बोट वाकून अडकतं आणि टक् करून सुटतं, तिथेही तसंच.

कोपराच्या मागच्या टोकाला लिंबाएवढा मऊ फुगा आला असेल तर तो बर्सा. किराणा दुकानात गल्ल्यावर कोपर टेकून बसणाऱ्यांना हमखास. दुखत नसेल तर टेकणं सोडा, बाकी काही करू नका. वारंवार होत असेल तर युरिक ॲसिड तपासा.

टोंगळा, खुबा, टाच

टोंगळ्यावर बसून निंदण, शेणानं सारवण, फरशी पुसणं. त्यानं वाटीवरच, कातडीखाली फुगा येतो. ओळखायचं असं: बर्सा सुजला तर फुगा थेट वाटीवर असतो आणि टोंगळा बऱ्यापैकी वाकतो. सांध्यात पाणी भरलं तर वाटीच्या वरच्या अंगाला, मांडीकडे, आणि दोन्ही बाजूंना भरल्यासारखं दिसतं आणि वाकवणं जड जातं. बर्साला दाबापासून सुटका पाहिजे, बस्स. जाड स्पंजची घडी टोंगळ्याला बांधा, नाहीतर बसायची तऱ्हा बदला. "पाणी काढून द्या" हा हट्ट नको. दाब तोच राहिला तर पाणी पुन्हा भरतं, आणि सुई स्वच्छ नसली तर आपण स्वतःहून जंतू आत नेतो.

आणि बिब्बा लावू नका. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतो, फुटतो. बर्साच्या डोक्यावर उघडी जखम म्हणजे जंतूंना मोकळं दार. कोपर आणि टोंगळ्याचे पिकलेले बर्से मी पाहते, त्यांत खरचटणं, काटा किंवा असला घरगुती डाग बहुतेक वेळा सापडतोच.

खुब्याच्या बाजूला दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, त्याला लोक सायटिका म्हणतात आणि काही डॉक्टर बर्सायटिस. सोनोग्राफीत बहुतेकदा कुल्ल्याचा टेंडन बिघडलेला निघतो, बर्सा थोड्यांचाच. रात्री दोन टोंगळ्यांच्या मध्ये उशी घ्या. लेकरू किंवा पाण्याचा गुंड एकाच कडेवर घेऊन, खुबा बाहेर काढून उभं राहायची सवय मोडा.

टाचेच्या मागे दुखत असेल तर तिथला टेंडन ताणायचे व्यायाम लगेच सुरू करू नका. हाडाला चिकटतो त्या जागी दुखत असेल, तर ताणल्यानं तो आणि त्याखालचा बर्सा हाडावर दाबला जातो. टाचेखाली थोडी उंची द्या, मागून घासणारी चप्पल-बूट बदला. पंचविशी-तिशीतल्या पोराची टाच दुखते, शिवाय सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडते आणि हिंडल्यावर बरी होते, असं असेल तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. मालिश करणाऱ्याऐवजी त्याला संधिवाताच्या डॉक्टरकडे न्या.

जिथे थांबायचं नाही

विळा बोटाला लागला. रक्त थांबलं, टाके पडले, घरी आलात. आता बोटाचं मधलं पेर धरून फक्त टोकाचं पेर वाकवून पाहा. मग बाकीची बोटं सरळ दाबून ठेवून तेच बोट मधून वाकवा. वाकत नसेल तर कातडी शिवली गेली, टेंडन तुटलेलाच राहिला. हात शिवणाऱ्या सर्जनकडे काही दिवसांत पोचलात तर बोट वाचतं. दोन महिन्यांनी "बोट काऊन वाकत नाही" म्हणून आलात तर काम दसपट अवघड. टाके घालणाऱ्याला तिथल्या तिथेच हे तपासायला सांगा, संकोच करू नका.

बाभळीचा काटा बोटाच्या आतल्या बाजूला रुतला, दोन दिवसांत आख्खं बोट सुजलं, वाकलेलं राहतं, बोटाच्या पूर्ण लांबीवर दाबून दुखतं आणि सरळ करायला गेलं की माणूस ओरडतो. ही चार लक्षणं शिकागोच्या कनावेल नावाच्या सर्जननं सांगितलेली आहेत. टेंडनच्या म्यानात पू झालाय. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल.

पळताना किंवा बांधावरून उडी मारताना मागून कोणी काठी मारल्यासारखं वाटलं आणि पाय लंगडला: पालथं झोपवा, पाय खाटेच्या बाहेर, पोटरी दाबा. पंजा हलला पाहिजे. हलला नाही तर टाचेचा टेंडन तुटलाय. "चालता येतं" यावर विश्वास ठेवू नका, तुटला तरी लंगडत चालता येतं. तसंच पडल्यावर पाय सरळ ठेवून उचलताच येत नसेल तर वाटीच्या वरचा किंवा खालचा टेंडन गेला असू शकतो.

आणि बर्सा लाल, गरम, ताप अंगात: गोळी मागायला मेडिकलवर जाऊ नका. डॉक्टरनं तपासून, गरज पडली तर आतलं पाणी प्रयोगशाळेत पाठवून मग अँटिबायोटिक ठरवावं.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी

जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या गावात सहज मिळतात. या जातीच्या औषधांनी टेंडन दुखू शकतो, क्वचित तुटतोही, जास्त करून टाचेचा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढे असेल किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. म्हणून टाच अचानक दुखायला लागली तर मागच्या काही महिन्यांत कुठली गोळी घेतली ते आठवा आणि डॉक्टरला सांगा.

आणि बाजारातली "वाताची पुडी". दोन दिवसांत म्हातारा पळायला लागतो अशी पुडी असेल तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्या. पण महिनोन्‌महिने घेतली असेल तर एका दिवसात बंद करू नका, त्यानंही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

कुठे ही चर्चा लागूच होत नाही

ताप येऊन गेला आणि मग दोन्ही हात-पायांचे सांधे एकदम धरले, तर चिकुनगुनिया आठवा. २००६ च्या साथीत विदर्भानं हे पुरेपूर भोगलंय, आणि त्यात टेंडनची म्यानं, बर्से सगळंच महिनोन्‌महिने दुखू शकतं. दुसरं, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि मोठ्यांची पाठ-मान लाकडासारखी ताठ, असं गावभर दिसत असेल तर अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि टेंडनच्या टोकांवर चुना चढत असतो. तिथे व्यायामाआधी पाणी तपासून घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर ते पाणी पिण्याचं नाही.

परत येऊ नये म्हणून: पाडवा ते मृग

पाडव्याला नवा सालगडी ठरतो, तेव्हाच हेही ठरवा. तिथून मृगापर्यंत साधारण आठ ते अकरा आठवडे मिळतात, म्हणजे टेंडनला लागणाऱ्या तीनेक महिन्यांतला बराचसा वेळ.

दुखणं ताजं असेल तर आधी नुसतं धरून ठेवायचं. कोपरासाठी हात मांडीवर, तळवा खाली, मुठीत पाण्याची लिटरची बाटली, मनगट सरळ ठेवून पाऊण मिनिट, असं पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्या आणि चार मोजत हळू खाली सोडा. पंधराचे तीन फेरे, दिवसाआड. सोपं वाटलं की बाटलीऐवजी जड वस्तू. टाचेसाठी ओट्याच्या पायरीवर दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एका पायानं सावकाश खाली. टाचेच्या हाडावरच दुखत असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवर करा.

दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. हंगाम लागल्यावरही हीच सकाळची कसोटी. पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवस फवारणी न करता अर्धा दिवस करा, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या अंगाचं काम घ्या.

खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब पुरते. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते. व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाका, नाहीतर ताणल्यावर तोंडावर येतो. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं हातात. कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी धरा, हात बाहेर न्या, हळू परत आणा. गुंडाळी खाली पडली तर कोपर उचललं जातंय, म्हणजे ट्यूब जास्त ताणलीय. एक पाऊल दाराकडे सरका.